जुन्या इंजिनास नवा रंग द्यावा काय?

मुलांचें एक खेळणें हा गंभीर विचाराचा विषय होऊं शकतो, असें म्हटल्यास आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हंसूं येईल. तथापि आमच्या शाळेंत गेले दोन महिने एका खेळण्यावरून जो वाद चालला आहे, त्यांत विद्यार्थी, शिक्षक व कांहीं पालक असे सर्वच ओढले गेले असून, तो वाद वरवर दिसतो तितका पोरकट नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याची परवानगी मीं संपादकांकडून मागून घेतली आहे.

वादाचा विषय असा. पदार्थविज्ञानाच्या खोलींतील कांचेच्या कपाटांत किल्लीनें चालणारें पत्र्याचें एक इंजिन आहे. मिशनचे एक साहेब स्वदेशीं परततांना तें शाळेस देऊन गेले, असें जुने शिपाई सांगत असत. रंग हिरवा, पण जागोजाग तो उडून खालचा पत्रा दिसूं लागला आहे, आणि किल्लीच्या भोंवतीं तर बोटांच्या घर्षणानें एक वाटोळें चकचकीत कडेंच पडलें आहे. पुढील वर्षाच्या प्रदर्शनासाठीं हें इंजिन खरवडून काढावें व फवाऱ्यानें लखलखीत रंगवून मांडावें, अशी नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांची सूचना आहे, आणि एका उदार पालकांनीं त्याचा खर्चहि देऊं केला आहे. सूचनेमागील उत्साह मला प्रिय आहे. सूचना मात्र मला मान्य नाहीं. कां नाहीं, तें सांगतों.

आगगाडीचें लहान इंजिन आपल्या हातानें जोडणें, जुनें असल्यास दुरुस्त करणें व रंगविणें हा छंद विशेषेंकरून इंग्लंडांत वाढला. १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल या गृहस्थांनीं 'मॉडेल एंजिनिअर' हें नियतकालिक सुरू केलें. त्याच सुमारास नॉर्थॅम्प्टन गांवीं बॅसेट-लोक यांचा व्यापार उभा राहिला, व लहान इंजिनें आणि त्यांचे सुटे ओतीव भाग टपालानें घरोघर जाऊं लागले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं १९०१ सालीं भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू यांच्या एका खेळण्याचें पेटंट घेतलें. तेंच पुढें 'मेकॅनो' या नांवानें जगभर पसरलें. त्यांच्याच कारखान्यांतून १९२० पासून किल्लीच्या आगगाड्या निघूं लागल्या, आणि १९३८ मध्यें त्यांच्या सुमारें निम्म्या आकाराच्या 'हॉर्नबी डब्लो' गाड्या आल्या. यांखेरीज कोळसा घालून, पाणी उकळून खऱ्या वाफेवर चालणारीं लहान इंजिनें करणारा एक निराळाच पंथ होता. 'एल. बी. एस. सी.' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका कारागिरानें १९२० नंतरच्या दशकांत असें सिद्ध करून दाखविलें, कीं अवघ्या अडीच इंच रुंदीच्या रुळांवरील इंजिनसुद्धां कोळशाच्या आंचेवर एका प्रौढ माणसास ओढून नेऊं शकतें.

सामान्य घरांतील मुलांपर्यंत मात्र हा छंद पोंचला तो जोडणीच्या संचांमुळें. बाजारांत यासच 'किट' म्हणतात. १९५९ सालीं रॉन्ड्स येथील रोझबड या कारखान्यानें 'किटमास्टर' नांवाचे प्लॅस्टिकचे संच काढले. हा कारखाना मूळचा बाहुल्यांचा! बाहुली मुलींची व इंजिन मुलांचें अशी वांटणी ज्यांच्या मनांत पक्की बसली आहे, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आमच्या वर्गांत तरी डाख देण्यांत मुलींचा हात अधिक स्थिर असल्याचें मीं पाहिलें आहे. १९६२ मध्यें किटमास्टरचे सांचे एअरफिक्स कंपनीनें घेतले, आणि पुढें ते डेपोल कंपनीकडे गेले. अशा रीतीनें एकाच सांच्यांतून आजा, बाप व नातू अशा तीन पिढ्यांनीं तींच इंजिनें जोडलीं आहेत.

आतां या संचांत शिकण्यासारखें काय आहे, असें पालक विचारतील. पहिली गोष्ट गणित. इंग्लंडांत फार प्रचारांत असलेलें प्रमाण म्हणजे एका फुटास ४ मिलिमीटर, अर्थात् मूळच्या सुमारें ७६ वा भाग. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हें सुप्रसिद्ध इंजिन कोळशाच्या गाड्यासह ७० फूट लांब आहे; त्याची प्रतिकृति २८ सेंटिमीटर भरते. त्याचें मोठें चाक ६ फूट ८ इंचांचें, तें २७ मिलिमीटरांहून किंचित् कमी होतें. येथवर सर्व मुलें आनंदानें गुणाकार करतात. पण वजन विचारलें कीं गोंधळतात. ९६ टनांचें इंजिन ७६ पट लहान केल्यास तें सव्वा टनाचें होईल, असें उत्तर दरवर्षीं कोणी ना कोणी देतोच! लांबी, रुंदी व उंची या तिन्ही ७६ पटींनीं घटतात, म्हणून वजन ७६ च्या घनानें, म्हणजे सुमारें ४ लाख ३९ हजार पटींनीं घटलें पाहिजे. आणि तें भरतें अवघें २२० ग्रॅम. फळ्यावर घनाचा नियम दहा वेळां लिहून जें साधत नाहीं, तें तळहातावर इंजिन ठेवल्यानें एका क्षणांत साधतें.

शिवाय या प्रमाणांत एक विचित्र दोष आहे, आणि तो जाणूनबुजून ठेवलेला आहे. इंग्लंडांतील रुळांची रुंदी ४ फूट साडेआठ इंच. चार मिलिमीटरांच्या हिशेबानें ती १८.८३ मिलिमीटर यावयास हवी. पण हे संच ज्या रुळांवर चालतात ते १६.५ मिलिमीटरांचेच आहेत. कारण असें, कीं तो रूळ मूळचा साडेतीन मिलिमीटरांच्या प्रमाणासाठीं होता, आणि इंग्लंडांतील इंजिनें युरोपांतील इंजिनांपेक्षां अंगानें बारीक असल्यामुळें त्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत त्या काळची मोटार मावेना. म्हणून वरचें शरीर थोडें मोठें केलें व रूळ तेच ठेवले. कांहीं हट्टी कारागीर आजहि हा दोष सहन न होऊन १८.८३ चे रूळ स्वतः घालतात. मला त्यांचें कौतुक वाटतें; त्यांच्या शेजारीं राहणें मात्र कठीण असावें.

प्रत्यक्ष जोडणीविषयीं थोडें सांगतों. प्लॅस्टिकचा संच सोपा. त्याच्या पुढची पायरी शिसें-कथलाच्या मऊ पांढऱ्या धातूची, आणि तिच्याहि पुढची पातळ पितळी पत्र्याची. पांढऱ्या धातूस डाख द्यावयाचा तर सुमारें ७० अंशांवर वितळणारा खास डाख घ्यावा लागतो. नेहमींच्या तापलेल्या खड्यानें सांधा जुळण्याऐवजीं सबंध भागच पाण्यासारखा ओघळून जातो. चाकें बसवितांना आणखी एक कसोटी लागते. दोन बाजूंचे दांडे एकमेकांशीं काटकोनांत असावे लागतात. खऱ्या इंजिनांत यामुळें एका बाजूचा दट्ट्या अगदीं टोंकाशीं अडला असतां दुसऱ्या बाजूचा पुरें बळ देतो, व गाडी कोणत्याहि स्थितींतून निघूं शकते. प्रतिकृतींत तो कोन सर्व आंसांवर सारखा नसेल तर दांडे अडकतात, आणि इंजिन लंगडत चालतें. येथें परीक्षकाची मर्जी चालत नाहीं, कीं कृपेचे गुण मिळत नाहींत. कोन चुकला तर चाक फिरत नाहीं; चाक सोडवावें व पुन्हा बसवावें.

परंतु आमचा वाद रंगाचा आहे, म्हणून त्याकडे वळतों. इंजिनाचा रंग ही एक साधी सजावट आहे, असें समजणें चूक होय. तेथील प्रत्येक रेल्वे कंपनीचा रंग ठरलेला असे, आणि रंग पाहून गाडी ओळखूं येई. विल्यम स्ट्राउडली हा १८७० सालीं ब्रायटन रेल्वेचा मुख्य यंत्रज्ञ झाला. त्यानें आपल्या इंजिनांस जो रंग दिला त्याचें अधिकृत नांव होतें 'सुधारलेला इंजिनी हिरवा'. आणि प्रत्यक्षांत तो रंग होता सोनेरी पिवळा! या नांवाचा उलगडा करण्यासाठीं नाना तर्क लढविले गेले आहेत. माझ्यापुरता त्यांतील बोध एवढाच, कीं कागदावर 'हिरवा' लिहिलें आहे म्हणून डबा उघडून हिरवा रंग फांसणारा मनुष्य येथें साफ फसेल. त्याच्या 'ग्लॅडस्टन' नांवाच्या १८८२ सालच्या इंजिनास १९२७ सालीं एका हौशी मंडळानें विकत घेऊन वांचविलें; आज तें यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत त्याच पिवळ्या वेषांत उभें आहे. ज्यास स्ट्राउडलीचें इंजिन रंगवावयाचें असेल त्यानें नांवावर विसंबूं नये, पुरावा पाहावा.

'फ्लाइंग स्कॉट्समन'ची कथा याहून बोधप्रद आहे. १९२३ सालीं डॉनकास्टर येथें तें तयार झालें व कोवळ्या सफरचंदी हिरव्या रंगानें प्रसिद्धीस आलें. महायुद्धांत तें काळें झालें. राष्ट्रीयीकरणानंतर कांहीं काळ निळें होतें. मग गडद हिरवें झालें. मध्यंतरीं त्याचा क्रमांक अनेकदां बदलला, धुराडें बदललें, आणि १९६१ सालीं धूर वर उडविण्यासाठीं बॉयलरच्या दोन्ही अंगांस पत्र्याच्या फळ्या लागल्या. १९६३ सालीं एका खासगी गृहस्थांनीं तें भंगारांतून सोडविलें व पुन्हा सफरचंदी हिरवें केलें. पुढें कांहीं वर्षें तें त्याच जुन्या हिरव्या रंगांत, पण नव्या धुराड्यासह व त्या फळ्यांसह धांवलें. म्हणजे अंगरखा १९२३ चा आणि पागोटें १९६१ चें! असें इंजिन रेल्वेच्या सेवेंत कधींच नव्हतें. २०१६ सालीं मोठ्या दुरुस्तीनंतर तें ६०१०३ या क्रमांकासह गडद हिरव्या रंगांत बाहेर पडलें, तेव्हां अनेक प्रेक्षक हिरमुसले. त्यांच्या मनांतील इंजिन कोवळें हिरवें होतें. तथापि धुराडें व फळ्या ज्या काळच्या, त्या काळाचाच रंग देणें हें मला अधिक प्रामाणिक वाटतें.

आतां आमच्या कपाटांतील इंजिनाकडे येऊं. खरें इंजिन उन्हापावसांत धांवतें, म्हणून त्यास पुनःपुन्हा रंगविल्यावांचून गत्यंतर नाहीं. कपाटांतल्या इंजिनास ऊन नाहीं, पाऊस नाहीं. त्याच्या अंगावरील रंग कारखान्यांत ज्या दिवशीं चढला तोच आहे, आणि तो कसा होता याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार तो रंगच आहे. किल्लीभोंवतींचें तें चकचकीत कडें किती बोटांनीं घांसलें असेल! ज्या मुलांनीं ती किल्ली फिरविली त्यांचीं नांवें आमच्या कोणत्याहि दप्तरांत नाहींत; त्यांची सही तेवढी या पत्र्यावर आहे. काचकागदानें ती दहा मिनिटांत नाहींशी होईल, आणि मग जगांतील कोणताहि कुशल रंगारी ती परत आणूं शकणार नाहीं. नवा रंग पुढें केव्हांहि देतां येईल. जुना एकदां गेल्यावर येणार नाहीं. ज्या दोन मार्गांपैकीं एकावरून परततां येतें व दुसऱ्यावरून येत नाहीं, तेथें आधीं कोणत्या मार्गानें जावें याविषयीं मला संशय नाहीं.

यावर नववीच्या विद्यार्थ्यांनीं मला दिलेलें उत्तर येथें न नोंदविणें अन्यायाचें होईल. ते म्हणाले, "सर, खेळणें खेळण्यासाठीं केलेलें असतें. ज्यांनीं तें केलें त्यांची इच्छा तें नवें दिसावें, चालावें अशीच असणार. कपाटांत जखमा घेऊन बसण्यासाठीं कोणी इंजिन करीत नाहीं." उत्तर चांगलें आहे. त्यांतील 'चालावें' हा भाग मी पूर्णपणें मान्य करतों. त्याची कमान साफ करावी, बारीक तेल द्यावें, कोमट पाण्यांत भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानें हलक्या हातानें मळ काढावा. गंज असेल तेथें तेवढाच थांबवावा. आणि हें जें करूं तें तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून इंजिनाजवळ ठेवावें. उलट एखादें सर्वत्र मिळणारें इंजिन कोणी आधींच घरगुती तैलरंगानें माखून टाकलेलें असेल, तर त्यावरील तो लेप खुशाल काढावा व योग्य रंग द्यावा. तेथें जपण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. अडाण्यानें दिलेल्या रंगास केवळ तो जुना म्हणून पूजणाऱ्यांपैकीं मी नाहीं.

चालविण्यापूर्वीं मात्र एक धोका ओळखावा. आमच्या इंजिनाच्या दोन चाकांवर केंसासारख्या भेगा पडल्या आहेत, आणि एकाची कड भाकरीसारखी सुटूं लागली आहे. मुलांस वाटलें कीं कोणीतरी इंजिन पाडलें. तसें नव्हे. हीं चाकें जस्ताच्या मिश्रधातूचीं ओतीव आहेत. अशा धातूसाठीं अत्यंत शुद्ध जस्त लागतें; त्यांत शिशाचा अगदीं सूक्ष्म अंश मिसळला तरी धातूच्या कणांच्या सीमांवर आंतल्या आंत झीज चालू राहते, धातु फुगतो, वांकतो व शेवटीं त्याचा चुरा होतो. महायुद्धापूर्वींच्या कितीतरी खेळण्यांचा असा अंत झाला आहे. यावर औषध नाहीं. वरून रंगाचा जाड थर दिल्यास भेगा दिसेनाशा होतील, पण रोग चालूच राहील. तीं चाकें काढून, नीट पुडींत बांधून, खुणेसह ठेवावीं, व चालविण्यासाठीं नवीं बसवावीं. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत मिश्रधातूंचा धडा आहेच. त्याचें एवढें बोलकें उदाहरण शाळेंत असतां तें रंगाखालीं लपविणें मला शिक्षक म्हणून पटत नाहीं.

मग मुलांच्या उत्साहाचें काय करावें? माझें म्हणणें असें, कीं रंगासाठीं देऊं केलेले पैसे त्याच पालकांच्या संमतीनें जोडणीचे संच घेण्यांत खर्च करावे. ज्यास खरवडावयाचें, कापावयाचें, रंगवावयाचें आहे, त्यानें कोऱ्या संचावर आपला हात चालवावा. तेथें चुकण्याची पूर्ण मोकळीक आहे. आधीं अस्तराचा पातळ हात, मग रंगाचे दोन-तीन तितकेच पातळ हात, प्रत्येकामध्यें पुरतें वाळूं देणें, मग रेघा, शेवटीं रोगण. एकाच जाड हातानें काम उरकणाऱ्याचे सर्व बारीक खिळे रंगांत बुडून जातात. डब्यांतील खरा रंग जसाच्या तसा लहान वस्तूवर दिला तर तो अधिक गडद भासतो, म्हणून अनुभवी लोक त्यांत किंचित् पांढरा मिसळतात. आमचे चित्रकलेचे मास्तर हें ऐकून प्रथम हंसले. दूरचे डोंगर फिके काढावे असें ते स्वतःच वर्गांत शिकवितात, हें आठवल्यावर गप्प झाले.

पालकांस दोन शब्द. हा छंद महाग आहे, हा आक्षेप पितळी संचांपुरता खरा आहे, आणि शाळेनें त्यांच्या वाटेस जाऊं नये. प्लॅस्टिकचा एक संच सहा मुलांनीं मिळून जोडावा. पुठ्ठा, बांबूच्या काड्या व जुन्या डब्याचा पत्रा यांतूनहि उत्तम काम होतें. अभ्यासाचा वेळ जातो, हाहि आक्षेप मीं ऐकला आहे. शनिवारीं दुपारीं दोन तास जातात, हें खरें. त्या दोन तासांत तुमच्या मुलाच्या हातांतील फोन बाजूस पडलेला असतो, हेंहि तितकेंच खरें. शंका असल्यास मुलांस घेऊन पुण्यास कोथरूड भागांत श्री. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय पाहून यावें. तें १९९८ सालीं खुलें झालें. एका माणसाचा छंद किती दूर जातो, तें तेथें दिसतें.

आणि इंग्लंडचींच इंजिनें कां, असें कोणी विचारील, तर संच तेथले मिळतात म्हणून, एवढेंच. आपल्याकडील बार्शी लाईट रेल्वे १८९७ सालीं एव्हरर्ड कॅलथ्रॉप या यंत्रज्ञानें सुरू केली, व तिचीं पहिलीं इंजिनें लीड्सच्या किट्सन कारखान्यांत झालीं. तिचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे आमच्या प्रमाणांत बरोबर १० मिलिमीटर. या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत तो मार्ग रुंद झाला व लहान गाडी गेली. तिचा संच कोणत्याहि दुकानांत सहज मिळावयाचा नाहीं. तो आराखड्यावरून आपणांसच कापावा लागेल. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजोबा-आजी त्या गाडीनें पंढरपुरास किंवा लातुरास गेलेले आहेत. इंजिनावर कोणता रंग होता, डब्यांची बांके कशीं होतीं, हें त्यांस आतांच विचारून लिहून ठेवावें. दोघांच्या सांगण्यांत फरक पडल्यास दोन्ही लिहावें, आणि कोणत्या सालची आठवण तेंहि विचारावें. स्कॉट्समनची कथा येथें उपयोगी पडेल.

प्रथम कोणता संच घ्यावा, यावर मुलांत आतांच दोन तट पडले आहेत. बहुमत 'ईव्हनिंग स्टार'च्या बाजूस आहे. १९६० च्या मार्च महिन्यांत स्विंडन येथें पूर्ण झालेलें हें ब्रिटिश रेल्वेनें बांधलेलें शेवटचें वाफेचें इंजिन. अवघीं पांच वर्षें तें कामावर होतें, आणि आज यॉर्कच्या त्याच संग्रहालयाच्या मालकीचें आहे. त्या जातीचीं एकूण २५१ इंजिनें १९५४ पासून झालीं. बाकीचीं २५० साधीं काळीं होतीं. हें एकटें शेवटचें म्हणून हिरवें, रेघांनीं नटविलेलें व तांब्याच्या कडेच्या धुराड्याचें. एका पक्षास तें काळें करावयाचें आहे, कारण काळा रंग सोपा; दुसऱ्यास हिरवें. माझा निर्णय असा, कीं काळें करणाऱ्यांनीं नांवाची पाटी व तांब्याची कड काढून टाकावी, २५० बहिणींपैकीं एकीचा क्रमांक शोधून आणावा व ती काळी असल्याचें छायाचित्र दाखवावें. हिरवें करणाऱ्यांनीं रेघांचा सराव आधीं कागदावर करून मला दाखवावा. दोन्ही पक्षांनीं आपलें काम नाताळच्या सुटीपूर्वीं पदार्थविज्ञानाच्या खोलींत आणून द्यावें. कपाटाची किल्ली तूर्त माझ्याजवळ आहे.